आधी बोलणारी

"आधी बोलणाऱ्या बाई तुम्हीच का?"

मध्यंतर चालू होतं. मी जिन्यात उभी राहून घटाघटा पाणी पीत होते, तेवढ्यात मागून हा प्रश्न आला आणि मला ठसका लागला. वळून पाहिलं, तर एक उंच, सडपातळ तरुण. केसांत पांढरी धूळ, बाहीवर पांढरी धूळ, अगदी भुवयांवरसुद्धा. आणि त्या भुवयांखाली दोन हसरे डोळे.

"आधी म्हणजे?" मी खोकत विचारलं.

"म्हणजे... राजाच्या आधी तुम्ही बोलता. राजा रागावतो, तोवर तुम्ही रागावून मोकळ्या झालेल्या असता. आणि मघाशी राणी रडली ना... तिच्यापेक्षा तुम्ही बरं रडलात."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी या नाट्यगृहाच्या मंडळीत प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसायचं, झाकलेल्या दिव्याच्या उजेडात नाटकाच्या वहीवर बोट ठेवायचं, आणि कुणी अडलं की कुजबुजून वाक्य पुरवायचं. प्रॉम्प्टर नटाला ऐकू यायला हवा, प्रेक्षकाला नाही. प्रेक्षकाला ऐकू गेला, तर त्याने दुसरं काम शोधावं.

"तुम्ही बसलात कुठे?"

"सगळ्यात वरच्या गॅलरीत. डावीकडची शेवटची खुर्ची. खांबामुळे अर्धा रंगमंच दिसत नाही, म्हणून स्वस्त."

"आणि तिथे मी... ऐकू येते?"

"तुम्हीच ऐकू येता," तो म्हणाला. "बाकीचे जरा मागून येतात."

तो गिलाव्याचा कारागीर होता. आमचं नाट्यगृह सव्वाशे वर्षांचं. तीन मजली गॅलऱ्या, विटलेली लाल मखमल, आणि छतभर गिलाव्यात घडवलेली वेलबुट्टी. पण पावसाचं पाणी झिरपून झिरपून ती वेलबुट्टी सुटायला लागली होती. फुलाची एक पाकळी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या मांडीवर पडली, तेव्हा कुठे मालकांना जाग आली आणि याला बोलावलं. सकाळी तो परांचीवर चढून फुलं बसवायचा आणि दुपारी चारच्या खेळाला तिकीट काढून बसायचा.

"त्या कोपऱ्यात गिलावा सुटून आत पोकळी झालीय," त्याने समजावलं. "तुमची कुजबुज विंगेतून सरळ वर जाते, तिथे आपटते आणि त्या एका खुर्चीवर पडते. फक्त त्या एकीवर."

"कुणाला सांगू नका हं, पाया पडते!"

"नाही सांगणार. पण एक अट आहे."

"कसली?"

"यापुढे हळू बोलायचं नाही."

तिसरी घंटा झाली आणि मी विंगेकडे पळाले. त्या अंकात मी दोनदा ओळ चुकले.

दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवरून मावशीने हाक मारली. ही माझी सख्खी मावशी; तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही.

"अगं, ते धुळीचं भूत आजही आलं होतं. खांबामागची खुर्ची हवी म्हणे. मी म्हटलं, अरे, त्याच पैशांत मधली देते. तर नको म्हणाला! हा नाटक बघायला येतो की खांब बघायला?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

"मग कान का लाल झालेत तुझे?"

आता खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून माझं प्रॉम्प्टिंग बिघडलं. म्हणजे सुधारलं. विंगेच्या कापडाच्या फटीतून मला ती खुर्ची दिसायची. म्हणजे खुर्चीचा हात आणि त्यावरचा एक पांढरट कोपर, एवढंच. पण त्या कोपराकडे बघत मी राणीचा विरह कुजबुजायचे, दासीचं लाडिक बोलणं कुजबुजायचे, आणि मारेकऱ्याची धमकीसुद्धा अशी काही गोड द्यायचे की बस्स.

आमच्या मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ नट जन्मभर राजाच्याच भूमिका करत आलेत, म्हणून सगळे त्यांना महाराजच म्हणतात. पंचाहत्तरी उलटली, आवाज अजून खणखणीत आहे, पण पाठांतर पार गेलंय. बाकीच्यांना एक शब्द दिला की पुरतो. महाराजांना अख्खं वाक्य लागतं. मी जे म्हणेन, तेच ते डोळे मिटून उचलतात. एक दिवस ते मला म्हणाले, "पोरी, हल्ली फार जीव ओततेस गं. मला नुसतं वाक्य दिलंस तरी चालेल. एवढं प्रेम या वयात झेपत नाही."

मी वहीत तोंड खुपसलं.

मध्यंतराच्या दहा मिनिटांत आम्ही जिन्यात भेटायचो. तो माझीच वाक्यं मला म्हणून दाखवायचा, माझ्याच लकबीत, माझ्याच थांब्यांसकट. मी चिडायचे, तो हसायचा. कधी त्याची बाही माझ्या हाताला लागायची आणि मनगटावर पांढरी रेघ उमटायची. ती मी लगेच पुसायचे नाही. एवढ्यावरच आमची गाडी अडलेली होती. तोही पुढचं बोलत नव्हता, आणि मी तर काय... दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलणारी बाई. स्वतःचं एकही सुचत नव्हतं.

मग एके सकाळी मावशीने सांगितलं, "काम संपलं म्हणे त्याचं. एक कोपरा राहिलाय. उद्या संध्याकाळी सातच्या गाडीने चाललाय तो. दुसऱ्या शहरात असंच एक जुनं थिएटर आहे, आठ महिन्यांचं काम."

मी तीन मजले एका दमात चढून गेले. तो त्या खुर्चीजवळच्या परांचीवर उभा होता, हातात थापी, शेजारी कालवलेल्या गिलाव्याचं घमेलं. मला बघून त्याने छतावर बोटांनी ठोकलं. बद्द आवाज आला.

"हाच तो," तो म्हणाला. "मुद्दाम शेवटी ठेवला होता. भरू?"

"मला काय विचारता? छत तुमचं काम."

"आवाज तुमचा आहे."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी खुर्चीच्या पाठीवरची मखमल उलटसुलट कुरवाळत उभी राहिले. नको भरू म्हण, माझं मन ओरडत होतं. पण भरलं नाही तर एक दिवस ते सगळं कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, हेही मला कळत होतं.

"भरला की... इथेही नाटक नीट ऐकू येईल ना?"

"हो. नटांचं."

"मग चांगलंच की."

"हो..." त्याने घमेलं जवळ ओढलं. "चांगलंच."

त्याने थापी उचलली. मी खाली आले आणि मेकअपच्या खोलीत दार लावून मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी चारचा खेळ. तो येणार नाही असं मी धरून चालले होते, पण फटीतून पाहिलं तर खुर्चीच्या हातावर कोपर होता. आज स्वच्छ, इस्त्रीच्या बाहीतला. सामानसुमान बांधून शेवटचं नाटक बघायला आला होता. आणि आज त्याला मी ऐकू येणार नव्हते.

दुसऱ्या अंकात दरबाराचा प्रवेश आहे. महाराज सिंहासनावर, समोर दाढीवाला सेनापती. महाराजांनी म्हणायचं असतं, 'सेनापती, आजच सीमेकडे कूच करा.' मी वहीवर बोट ठेवलं, फटीतून वर पाहिलं... आणि काय झालं कोण जाणे. आता ऐकू जातच नाही तर म्हणून टाकावं, असं वाटलं. एकदाच. त्याला 'तू' म्हणून.

"जाऊ नकोस ना," मी कुजबुजले. "तुझ्याशिवाय मला करमणार नाही रे."

माझ्या लक्षात यायच्या आत महाराजांनी डोळे मिटले, छाती फुगवली, आणि तिन्ही गॅलऱ्या दणाणून सोडल्या.

"जाऊ नकोस ना! तुझ्याशिवाय... मला करमणार नाही रे!"

सेनापतीचा जबडा खाली आला. मग बिचाऱ्याने सावरून विचारलं, "पण महाराज... युद्धाचं काय?"

हशा असा उसळला की बाहेर मावशीला वाटलं, छत कोसळलं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. धीर करून वर पाहिलं, तर खुर्चीच्या हातावर कोपर नव्हता. खुर्ची रिकामी होती.

गेला. मला लाज वाटली, स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त नुसतं दुखलं. तरी नाटक थांबत नाही. मी पानं उलटत राहिले, वाक्यं देत राहिले, आणि शेवटच्या प्रवेशाला पोचले. महाराज एकटे उभे होते. त्यांनी विंगेकडे पाहिलं. मी वाक्य द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. डोळे असे भरून आले होते की वहीतली अक्षरंही दिसेनात. महाराज वाट बघत होते. पहिली रांग चुळबुळायला लागली.

तेवढ्यात माझ्या मागून, अगदी कानाजवळून, कुणीतरी हलकेच म्हणालं, "दिवे मालवू नका. कुणीतरी अजून परतायचं आहे."

महाराजांनी वाक्य उचललं. पुढचंही, त्याच्या पुढचंही. वही माझ्या हातात होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अख्खा प्रवेश त्याला पाठ होता, माझ्या थांब्यांसकट. मी मान वळवली नाही. पडदा पडेपर्यंत तशीच बसून राहिले, त्याचा श्वास केसांवर जाणवत.

टाळ्या सुरू झाल्या. महाराज आत आले, त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अच्छा! म्हणजे मी मघाशी याला थांबवत होतो होय?" असं म्हणत ते मुजरा करायला परत गेले.

"तुम्ही... गेला नव्हतात?" मी विचारलं.

"जिने उतरत होतो. तीन मजले, आणि चालू खेळात विंगेत कुणी सोडेना." तो म्हणाला. "वर ऐकू आलं, पण महाराजांचं. तुझं नाही आलं. कोपरा मीच भरून ठेवला ना... म्हणून खाली आलो."

"गाडी सातची आहे."

"माहितेय. जावं लागेल. पण हे वाक्य महाराजांच्या तोंडून ऐकून कसा जाऊ?"

विंगेत मोठ्याने बोलायचं नसतं. मी मोठ्याने बोलले. 'जाऊ नकोस' मात्र गाळलं, कारण काम होतं त्याला. बाकीचं सगळं बोलले, वहीत नसलेलं, अडखळत, पुन्हा पुन्हा तेच. पडद्यापलीकडे टाळ्या चालू होत्या, पण त्याने माझा हात हातात घेतला, त्यावरून त्याला नीट ऐकू गेलं असावं.

सातची गाडी त्याला मिळाली. खांबामागच्या खुर्चीवर आता सगळं नाटक नीट ऐकू येतं, असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तो परत यायला आठातले साडेसहा महिने अजून उरलेत.