कापसाचा गड

खैरगडाच्या माथ्यावर पहाट नेहमी उशिरानेच चढे. जणू तिचेही गुडघे दुखत असावेत. त्या दिवशी धुकं विरलं आणि म्हाताऱ्या किल्लेदार नागोजीराव भापकरांनी बुरुजावरून खाली पाहिलं, तेव्हा दोनच पांढऱ्या गोष्टी दिसल्या: वेढा घालून बसलेल्या रंभाजीरावाच्या फौजेचे तंबू, आणि त्यांच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर फुटलेला, वेचायला कोणी नसलेला कापूस.

एके काळी तिथे शाळू डोलत असे. पण दारूगोळ्यापायी गडाने गुलाबशेटकडून कर्ज काढलं आणि शेटने गोड जिभेने अट घातली, "सरकार, ज्वारीला बंदरावर कोण विचारतो? कापूस पेरा. कर्ज फिटेल. आणि दाणा काय, बाजारात मिळतोच." मुलखाने कापूस पेरला. कर्ज काही फिटलं नाही. आणि जिथे बाजार भरे, तिथे आता शत्रूचा तळ पडला होता. अंबरखान्यात धान्याच्या जागी आढ्यापर्यंत कापूस, तोही शेटकडे गहाण. गडावर हव्या तेवढ्या उशा होत्या, भाकरी नव्हती. म्हणतात, तोफेचा एक गोळा छप्पर फोडून आत आला तो कापसात इतका अलगद रुतला, की गठाणीवर निजलेल्या मांजरीने नुसती कूस बदलली आणि गोळ्याची ऊब घेत पुन्हा डोळे मिटले. गोष्ट कितपत खरी, हे मात्र विचारू नये.

वसुलीला आलेला गुलाबशेटही वेढ्यात अडकला होता. पण सावकार अडकला म्हणून सावकारी थोडीच अडकते? अंबरखान्याच्या उंबऱ्यावर त्याने धरणं धरलं होतं. रिवाज असा, की सावकार दारात उपाशी बसला की देणेकऱ्यानेही अन्नाला शिवायचं नाही. आणि त्याला ओलांडून जाणं तर महापाप.

"शेटजी, उठा," नागोजीराव म्हणाले. "सगळा गडच उपाशी आहे. त्यात तुमचं धरणं दिसायचं कोणाला?"

"रिवाज तो रिवाज, सरकार," शेट कोरडे ओठ चाटत म्हणाला.

इतक्यात कोंडाजी हवालदार धापा टाकत आला. "सरकार, थावरा नायकाचा वंजारी तांडा पायथ्याला उतरलाय. ज्वारी घेऊन. तळाला विकायला आलाय, पण म्हणतो, गडाकडे कापूस असेल तर गठाणीला गोणी देतो."

वंजाऱ्यांच्या बैलांना दोन्ही फौजांचा अभयाचा कौल असे. ज्याने तो मोडला, त्याच्या छावणीत पुन्हा दाणा येत नसे. कौल मात्र तांड्याच्या मालाला होता. गडाच्या दरवाजापासून बैलाच्या पाठीपर्यंतची वाट कोणाचीच नव्हती.

नागोजीरावांनी कमरेची तलवार सोडून शेटपुढे ठेवली. "कापूस तुमचा, शेटजी, आणि माझा शब्दही तुमच्याकडेच गहाण. तो आज मोडतो. हे पाप माझ्या नावावर मांडा. मांडायची तुम्हाला सवय आहे."

आणि त्यांनी शेटला ओलांडलं.

"मी जातो, सरकार," कोंडाजी पुढे झाला.

"नाही रे. शब्द मी मोडला, ओझंही मीच वाहीन. आणि खरं सांगू? नुसतं बसून राहायचाही आता शीण आलाय."

दरवाजा किलकिला झाला. शत्रूच्या मोर्च्याकडच्या खांद्यावर गठाण घेऊन, हातात शस्त्र नसलेला, उपासाने वाळलेला तो म्हातारा उतरणीला लागला. बंदुका कडाडल्या. एक गोळी पागोटं उडवून गेली, बाकीच्या धप्प धप्प करत कापसात शिरल्या. त्याचा वेग वाढला नाही. वाढवण्याइतका जीवच उरला नव्हता. बैलापाशी पोचून त्याने गठाण पाठीवर टाकली, तेव्हा थावरा नायक ती चाचपत कुरकुरला, "रावसाहेब, शिशाचं वजन मी धरत नाही हां!"

रंभाजीराव घोडा फेकत आला. "नायक! गठाण खाली टाक!"

"टाकतो, महाराज. मग तुमच्या तळावर उतरवलेल्या गोण्याही परत लादतो. कौल मोडला तिथं वंजारी पुन्हा पाय ठेवत नाही. उद्या काय, तंबू शिजवून खाल?"

रंभाजीरावाने मागे पाहिलं. त्याच्या शिपायांनी चुली पेटवल्या होत्या. बंदूक कोणीच उचलेना.

दिवसभर कापूस उतरत राहिला, ज्वारी चढत राहिली. पहिली भाकरी तव्यावरून निघाली, तेव्हा सर्वांत आधी हात पुढे आला तो गुलाबशेटचा. घास तोंडात गेला आणि धरणं मोडलं, धरणाऱ्याच्याच दातांनी. कोंडाजी खो खो हसला. नागोजीराव हसले नाहीत.

"खा, शेटजी. कर्ज आहे तिथंच आहे."

पुढे वेढा कंटाळून उठला. पण पेरणीच्या तोंडावर शेटकडून पुन्हा सरकीची पोती आली. जो गड तोफांना मिळाला नव्हता, तो असा पोत्यापोत्याने जात होता.  नागोजीराव पेठेत जाऊन शेटच्या दारात मांडी घालून बसले.

"सरकार, हे हो काय?" शेट धावत बाहेर आला. "धरणं सावकाराने धरायचं असतं!"

"निम्म्या रानात ज्वारी पेरू द्या, मग उठतो. उपास मी गडावर शिकलोय, शेटजी. तुम्ही किती शिकलात, ते सगळ्या गडाने पाहिलंय."

आत फोडणी चरचरली. शेट घुटमळला. दारातला म्हातारा डोळे मिटून भिंतीला टेकला होता, जणू बऱ्याच दिवसांनी त्याला विसाव्याची जागा मिळाली होती.

कर्ज पुढे नातवांपर्यंत पुरलं. ज्वारी मात्र त्याच साली पेरली गेली. कारण शेटचं जेवण निवायच्या आत सौदा ठरला होता.