गोल फिरून आलेली बातमी

"अनोळखी माणसाचा निरोप आत शिरताच कामा नये!" ढापणीने चष्मा नाकावर वर ढकलत बजावलं.

"अगं पण मग मजा काय राहिली?" रेडिओ कळवळला. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागे, इतका तो अखंड बडबडायचा.

इमारतीच्या तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी, तिघांचं सुट्टीतलं कार्यालय थाटलं होतं. एक जुना संगणक, दोन मोडक्या खुर्च्या आणि बिस्किटांचा पुडा. पुडा मुंगीच्या ताब्यात. मुंगी म्हणजे रेडिओची धाकटी बहीण. अंगाने एवढीशी, पण कुठेही घुसेल आणि कुठूनही बाहेर पडेल अशी!

ढापणी सुट्टीला आत्याकडे आली होती आणि येताना डोक्यात एक भन्नाट कल्पना घेऊन आली होती. निरोप पाठवायची नवी पद्धत! नाव ठेवलं होतं 'ओळख'.

"नीट ऐक. मी तुला ओळखते, तू मुंगीला ओळखतोस. मी निरोप दिला तर तो तुझ्या हातून मुंगीकडे जाणार. आणि ज्याच्या ज्याच्या हातून गेला, त्याचं नाव त्या निरोपाला शेपटीसारखं चिकटणार. कुणालाच पुसता यायचं नाही!"

"म्हणजे मी थाप मारली तर?"

"तर शेपटीच्या टोकाला तू!"

"मग मला नको तुमची ही ओळख!" रेडिओ म्हणाला आणि मुंगी एवढी हसली, की बिस्किटाचा भुगा संगणकावर उडाला.

इतक्यात आत्या आली. ढापणीची आत्या लिफ्ट दुरुस्त करायची. या इमारतीची आणि रस्त्यावरच्या बऱ्याच इमारतींची लिफ्ट तिच्याच हाती. एरवी ती आली की आधी तिची शीळ ऐकू यायची, मग हत्यारांच्या पिशवीचा खळखळाट. आज दोन्ही नव्हतं. तिने नुसता फोन पुढे केला.

फोटोत एक चेपलेली लिफ्ट होती. खाली लिहिलं होतं, "आपली लिफ्ट कोसळता कोसळता वाचली! लिफ्टवालीचा हलगर्जीपणा! लिफ्ट वापरू नका. आज संध्याकाळी सभा. काम दुसऱ्यांना देणार."

"पण हे खोटं आहे!" ढापणी उसळली.

"सकाळी लिफ्ट बंद होती, हे खरं. तेलपाणी करत होते मी! दारावर ही भली मोठी पाटी लावली होती." आत्याने पिशवी भिंतीला टेकवली. "आता कोपऱ्यावरच्या इमारतीतून फोन आला, उद्यापासून येऊ नका. मग समोरच्यांचा आला. एकाने नाही म्हटलं की सगळी रांग नाही म्हणते, बाळा."

"मग तू जाऊन सांग ना त्यांना!"

"सांगेन की सभेत. पण दारोदार हात जोडत फिरणार नाही. इतकी वर्षं या लोकांना वर-खाली नेलं, एकाचं बोटसुद्धा कधी अडकू दिलं नाही. त्यांना आठवत नसेल तर..." पुढचं न बोलता ती तोंड धुवायला निघून गेली. आत्या दिवसाढवळ्या तोंड धुवायला जाते म्हणजे काय, ते ढापणीला बरोबर समजलं.

तिने चष्मा पुसला. उगाचच.

"चला," ती म्हणाली, "या बातमीची शेपटी शोधायची!"

पहिलं दार सेक्रेटरी काकांचं. सगळ्यांना निरोप त्यांनीच धाडला होता. काका एका कानाला फोन आणि दुसऱ्या हाताने दाढी असा दुहेरी कारभार करत होते.

"काका, लिफ्ट कोसळताना तुम्ही पाहिली?"

"पाहायला कशाला हवी? डॉक्टरीणबाईंनी कळवलं. डॉक्टर माणूस उगाच बोलेल का? आणि लिफ्ट म्हटलं की लिफ्टवाली आलीच! पळा आता!"

डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघाल्या होत्या. "मी नाही बाई पाहिलं. पण सकाळी बंद होती ना लिफ्ट? तेवढं मी लिहिलं. फोटो जज आजोबांनी पाठवला. जन्मभर न्याय केलेला माणूस तो, त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा?"

जज आजोबा खुर्चीत ताठ बसले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांची खुर्ची अजून न्यायालयातच होती.

"बसा. प्रश्न विचारा. एका वेळी एकानेच!"

'ओळख'बद्दल भडाभडा सांगत सुटलेल्या रेडिओने घाईघाईने तोंड मिटलं. ढापणीने विचारलं, "आजोबा, ही बातमी तुम्हाला कुणी दिली?"

"परगावच्या एका मित्राने फोटो पाठवला होता. काळजी घ्यावी म्हणून मी तो डॉक्टरीणबाईंना पाठवला. पण विश्वास? छे! मी असा लगेच विश्वास ठेवत नसतो. मी थांबलो. मग खुद्द सेक्रेटरींचा निरोप आला आणि खात्री पटली!"

तिघं धावत खाली आली. ढापणीने खडूने फरशीवर बाण काढायला सुरुवात केली. आजोबांकडून डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंकडून सेक्रेटरी. सेक्रेटरींकडून... खडू थबकला.

"अय्या!" मुंगी ओरडली. "हे तर गोल झालं!"

"आजोबांचाच निरोप फिरून आजोबांकडे आला," ढापणी सावकाश म्हणाली. "आणि त्यांना वाटलं, साक्षीदार मिळाला! वाटेत प्रत्येकाने चिमूटभर मीठ टाकलं. एकानेही चव घेतली नाही."

"चला, सभेत सांगून टाकू!" रेडिओ उठलाच.

"आणि ऐकणार कोण? पोरं आजोबांना खोटं पाडतात म्हणून आपलेच कान उपटतील. त्यांना त्यांच्या डोळ्यांनी दिसायला हवं." ढापणी विचारात पडली. "मुंगे, तू सकाळभर गच्चीवर काय करत होतीस?"

"कबुतर बघत होते. टाकीजवळ बसलंय. जागचं उठतच नाही! अंडी घातलीत ना त्याने."

ढापणीचे डोळे चष्म्याआड लुकलुकले. "एक शब्दही खोटा बोलायचा नाही, कबूल?"

"कबूल! पण करायचं काय?"

ढापणी पुन्हा जिना चढून गेली. "आजोबा, गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक कबुतर बसलंय. सकाळपासून जागचं उठलेलं नाही." एवढंच बोलून ती परत आली. आजोबांचा हात मात्र चष्म्याकडे आणि मग फोनकडे गेला, हे तिने जाता जाता पाहिलं.

संध्याकाळी तळमजल्यावर सभा भरली, तेव्हा बघण्यासारखं दृश्य होतं! जो तो विकतच्या पाण्याची बाटली छातीशी धरून आला होता. एका काकूंनी तर दोन्ही काखांत एकेक बरणी धरली होती. आत्या मागे भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात बाटली नव्हती.

सेक्रेटरी काका खाकरले. "विषय पहिला, लिफ्टचं काम—"

"थांबा!" जज आजोबा उभे राहिले. "लिफ्टच्या आधी पाणी! टाकीत पक्षी मरून पडले आहेत. पाणी सडलंय! मी खात्री केलेली आहे."

"कुणाकडून, आजोबा?" ढापणीने विचारलं.

"सेक्रेटरींकडून!"

"मला डॉक्टरीणबाईंनी कळवलं," सेक्रेटरी म्हणाले.

"मला तर आजोबांनीच..." डॉक्टरीणबाई मध्येच थांबल्या. "तुम्ही लिहिलं होतं, कबुतर हलत नाही. मी म्हटलं, मेलं असेल तर पाणी उकळून घ्या."

"आणि मी म्हटलं, एक मेलं तर आणखीही असतील," काका पुटपुटले. नुकत्याच केलेल्या दाढीवर त्यांचा हात उगाच फिरू लागला.

"आजोबा," ढापणी एक पाऊल पुढे आली. "दुपारी मी तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?"

आजोबांनी चष्मा काढून हातात घेतला.

"टाकीजवळ कबुतर बसलंय," ते हळूच म्हणाले. "जागचं उठलेलं नाही."

"अंड्यांवर बसलंय ते!" मुंगीला आता राहवेना. "मी स्वतः पाहिलंय! चला, दाखवते!"

डॉक्टरीणबाई खरंच तिच्यामागे गच्चीवर गेल्या. टाकीचं झाकण उघडून, आत डोकावून, ओंजळभर पाणी तोंडावर मारूनच खाली आल्या. "पाणी आरशासारखं स्वच्छ आहे," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आणि कबुतराने मला चोच मारली!"

हशा पिकला. बाटल्या हळूहळू खुर्च्यांखाली सरकू लागल्या. पण आजोबा हसले नाहीत. त्यांनी फोन काढला, मागे मागे जात मित्राचा मूळ निरोप शोधला आणि मोठ्याने वाचला. "आमच्या शेजारच्या इमारतीत लिफ्ट कोसळली. सुदैवाने आत कुणी नव्हतं." आजोबांनी मान वर केली. "आमच्या शेजारच्या. म्हणजे त्याच्या गावात. इथे नव्हे."

आता सगळ्यांच्या माना मागे, आत्याकडे वळल्या.

"साक्षीदाराला मी पहिला प्रश्न विचारायचो, तू स्वतः पाहिलंस का?" आजोबा म्हणाले. "ज्याने पाहिलं नाही त्याला खाली बसवायचो. आज माझ्याच आवाजाचा प्रतिध्वनी आला आणि मी त्याला पिंजऱ्यात उभं करून शपथ दिली! मी विसरलो तो प्रश्न या मुलीने त्या जुन्या संगणकाला शिकवलाय. सेक्रेटरी, उद्यापासून इमारतीचे निरोप या मुलांच्या 'ओळख'वरून जातील. शेपटीसकट. आणि लिफ्टचं काम जिचं आहे तिच्याकडेच राहील. कुणाची हरकत?"

सगळ्यात आधी मान डोलावली ती सेक्रेटरी काकांनी.

"पण आजोबा, बातमी तर रस्ताभर गेलीय," रेडिओ म्हणाला. दिवसभरातलं त्याचं हे सगळ्यात छोटं वाक्य.

"त्यासाठी ही काठी आहे ना! जिथे जिथे बातमी गेली, तिथे तिथे मी चालत जाणार. आधी आपली इमारत, अगदी वरच्या मजल्यापासून." ते थेट लिफ्टकडे गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बटण दाबलं.

आत्याने पुढे होऊन दार धरलं. "या, आजोबा." डॉक्टरीणबाई शिरल्या, मुलं शिरली, बरण्यांवाल्या काकू बरण्यांसकट शिरल्या. सेक्रेटरी काकाही घुसायला लागले तेव्हा आत्या गोड आवाजात म्हणाली, "वजन जास्त होतंय हं. तुम्ही जिन्याने या!"

वर जाताना आत्याची शीळ सगळ्या मजल्यांवर ऐकू आली.

मग रस्त्यावरचं एकेक दार. प्रत्येक दारात आजोबा तेच सांगत, "लिफ्टची बातमी माझ्यापासून निघाली. मी स्वतः काही पाहिलं नव्हतं. चूक माझी." कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या गृहस्थांनी तर तिथल्या तिथे आत्याची माफी मागितली आणि उद्या नक्की या म्हणून गळ घातली.

मग ते गृहस्थ मुलांकडे वळले. "आणि हे सगळं शोधून काढलं कुणी? ही कुणाची मुलं?"

आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आत्याने त्यांना बोलूच दिलं नाही. तिने तेलकट हात पटकन साडीला पुसला आणि ढापणीच्या खांद्यावर ठेवला.

"ही माझी भाची!" ती म्हणाली. तिचा आवाज पार पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेला. "आणि बाकीची दोन पण माझीच!"