बाहेरची कडी

सुतार माझा मित्र होता, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मंगळवार होता. रात्रीचे साडेअकरा. शिवणकारखान्याच्या मालकाने त्याला कापडखोलीच्या दारावरची कडी काढायला पाठवलं होतं, सकाळी दार रंगवायचं होतं म्हणून. कारखाना बंद, आत कुणी नाही.

ती कडी त्यानेच बसवलेली. दोन वर्षांपूर्वी काजं करणारी एक मुलगी त्याला म्हणाली होती, "काका, आम्ही इथे कपडे बदलतो. आतून कडी लावून द्या ना. मुकादम मागोमाग येतो." मुकादम म्हणाला, बाहेरून लाव. आमचा सुतार भिडस्त, त्याने मुकाट्याने बाहेरून लावली. आठवड्यातच सुटीच्या वेळी मुकादमाने तिला आत कोंडलं आणि सगळे घरी गेल्यावर दार उघडलं. पुढचं तुम्हाला कळतं, लहान नाही तुम्ही.

चौकीत सुतार म्हणाला, "कडी आधीपासूनच होती. ती मला काही बोलली नव्हती." मुकादम चौकीतूनच सुटला. वर्षभरात मुलगी वारली.

तेव्हा हवालदार मीच होतो. तिला विचारलं होतं, ओरडली का नाहीस? म्हणाली, आवाजच फुटला नाही. मला ते खोटं वाटलं, मी लिहिलंच नाही. भीतीने माणूस दगड होतो, हे मला फार उशिरा समजलं. लाज वाटते अजून.

तर... दोन स्क्रू निघाले. तिसऱ्याला आतून टकटक झाली.

तो थांबला.

पुन्हा टकटक. हळू.

"काका..."

आवाज ओळखीचा होता.

"सांगा ना..."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.  मग तो दाराला डोकं टेकून रडला. "तू कडी मागितली होतीस, पोरी. मी बाहेरून लावली. वर खोटंही बोललो."

टकटक थांबली. त्याने दार उघडलं. कापडाचे तागे होते फक्त.

पाऊण वाजता तो चौकीत आला. मी दोन ग्लास पाणी ठेवलं.

"दुसरा कुणाला?" त्याने विचारलं.

"तुझ्यामागून आली त्या मुलीला..." मी वळून पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं.

त्या रात्री त्याचा शब्द न् शब्द लिहून घेतला. तिचं तेव्हाचं बोलणंही माझ्या नावाने जोडलं, माझी चूक कबूल करून. त्यावरच मुकादम अखेर कोर्टात उभा राहिला.

सही झाली तेव्हा तीन वाजले होते. सुतार पाण्याला शिवला नव्हता. मीही नाही.

दुसरा ग्लास रिकामा होता.