झाकलेले कान

"माझं आयुष्य तर तू कापलंसच ताई, आता माझे धडेही कापून देतेस!"

छोटीने लॅपटॉप असा काही आदळून मिटला, की इस्त्रीच्या टेबलावर रचलेली शर्टांची चळत कलंडली आणि जमिनीवर पसरली. ताई वाकली, एकेक शर्ट उचलून झटकू लागली... धाकट्या बहिणीच्या मते तिला तेवढंच तर जमत होतं!

खरं सांगायचं तर छोटीच्या वर्गाचा जो गाजावाजा होता, तो सगळा याच टेबलावर शिजत होता. सरकारी टीव्हीने आपल्या जुन्या बातम्या, विज्ञानाचे कार्यक्रम, सारं काही शाळांसाठी वेबसाइटवर फुकट खुलं केलं होतं, आणि लॉन्ड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करता करता ताई ते बघत बसायची. त्यातलं निवडायची, नको ते कापायची, कुठे थांबवायचं आणि काय विचारायचं ते छोटीच्या डोक्यात भरवायची. "आधी आवाज बंद करून दाखव गं," ही युक्तीसुद्धा तिचीच. "पोरांना काय दिसतं ते त्यांना सांगू दे. मग आवाज सोड. ऐकलेलं बघितलेल्याशी जुळतंय का, ते त्यांचं त्यांना कळू दे." छोटीला त्या पद्धतीबद्दल शाबासक्या मिळत. ताईचं नाव निघायचं काही कारणच नव्हतं!

आज निवड समितीपुढे छोटीचा नमुना पाठ होता. तो रंगला तर मुख्याध्यापिकेची खुर्ची तिचीच. विषय तिने स्वतः निवडला होता, आग. विज्ञानात हवेवाचून आग जगत नाही हे दाखवायचं, आणि इतिहासात कारखान्यांच्या दारांचे कायदे कसे आले हे. त्यासाठी एका कापड कारखान्याच्या आगीची जुनी बातमी तिने शोधली होती. ताईने दुसऱ्या चार बातम्या सुचवून पाहिल्या. छोटी हट्टाला पेटली, तेव्हा ताईने तीच बातमी अर्ध्याच्या आत कापून दिली.

"वेबसाइटवर चार मिनिटांची आहे आणि तू मला दीडच मिनिट देतेस? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"पुढचं पोरांच्या कामाचं नाही. माझं ऐक, पूर्ण लावू नकोस."

"कारण सांग."

कारण ताईच्या ओठांपर्यंत आलं... समोरच्या भिंतीवर फोटो होता. हसरे बाबा, आणि त्यांच्या कडेवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची लोकरीची टोपी घातलेली छोटी. आजही घरातून निघताना ती त्या फोटोकडे बघूनच निघायची. आई तापाने गेली आणि ताईच्या जिभेला कंटाळून बाबा घर सोडून गेले, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ताईनेच सांगितलं होतं!

"तू बघितलीस का सगळी?" एवढंच ताईने विचारलं.

"वर्गात बघेन, पोरांबरोबर. एकदा तरी तुझ्या चाळणीशिवाय बघू दे मला! बाबांना घरातून काढलंस, आता मला किती दिवस ताब्यात ठेवणार आहेस?"

दार आपटलं. ताईने शर्ट पुन्हा टेबलावर पसरला आणि इस्त्री हातात घेतली, तेव्हा तिला कोपऱ्यात लॅपटॉपचा चार्जर पडलेला दिसला.

त्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावालाच. चार्जर नाही मिळाला तर पाठ अर्ध्यात बंद पडणार, समितीसमोर छोटीची शोभा होणार... आणि ती बातमीही पुढे जाणार नाही! ताईच्या मनात हे आलं नाही असं नाही. पण छोटीची फजिती होणार आणि आपण घरी बसून राहायचं, हे त्या बाईच्या रक्तातच नव्हतं. तिने इस्त्री बंद केली, पायात चपला सरकवल्या आणि धावत सुटली.

वर्गाच्या मागच्या बाजूला समितीचे तिघे बसले होते. चिरलेल्या भुवईवरून घाम निथळणारी ताई दारात दिसताच छोटीचा चेहरा पडला. तिने पुढे होऊन चार्जर जवळजवळ हिसकावून घेतला.

"कोण या?" समितीतल्या वयस्क बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे... कपड्यांना येतात," छोटी म्हणाली. मग हळूच, दात आवळून, "जा तू आता!"

कपड्यांना येतात! जिला पाठीशी बांधून लोकांच्या मोऱ्या घासल्या, जिच्या शाळेसाठी स्वतःची शाळा विसरली, तिने सगळ्यांदेखत एका वाक्यात निकाल लावला... ताई मागे सरली, पण तिचे पाय व्हरांड्यातच खिळले. पडद्यावर कोपऱ्यात आकडा झळकत होता. पूर्ण चार मिनिटं.

छोटीने शिरस्त्याप्रमाणे आवाज बंद ठेवला. धूर दिसला, बंब दिसले, कुलूप लावलेलं लोखंडी फाटक दिसलं. दीड मिनिट सरलं... आणि उघड्या कॉलरचा एक माणूस पडद्यावर आला. शेजारी सोळा वर्षांची मुलगी, डावी भुवई मधोमध चिरलेली, आणि तिच्या कडेवर पिवळ्या-निळ्या टोपीतलं बाळ.

छोटीच्या हातातला खडू निसटला.

"सांगा... काय दिसतं?" सवयीने तिच्या तोंडून निघालं, पण आवाज ओळखू येत नव्हता.

"बाई, त्या माणसाच्या गळ्यात दोरी आहे, तिला मोठी चावी आहे!"

"ती मुलगी बाळाचे कान झाकतेय!"

"आता आवाज लावा ना बाई!"

नको, छोटी, नको... ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पण पहिल्या बाकावरच्या मुलीने, बाईंना मदत म्हणून, स्वतःच कळ दाबली.

"फाटकाचा पहारेकरी मी, पण चावी माझ्याकडे नव्हतीच," पडद्यावरचे बाबा सांगत होते. "या कार्टीकडे ठेवायला दिली होती. ही कुठे उंडारत बसली कुणास ठाऊक! माझी बायकोही आतच गेली हो... स्वतःच्या आईला मारलं हिने!"

वर्ग एकदम उसळला.

"खोटारडा! चावी त्याच्याच गळ्यात आहे!"

"बाई, हा किती नीच माणूस आहे!"

मुलं हसत होती, टाळ्या पिटत होती; चोर पकडल्याचा केवढा आनंद त्यांना! त्या वेळी मात्र कुणी एवढं नीट बघितलं नव्हतं. कारखान्याच्या वस्तीने सोळा वर्षांच्या पोरीला आईखाऊ म्हटलं, तिच्यावर दगड टाकले, आणि महिन्याभरात बाबा दोघींना टाकून पसार झाले. ती बोलली असती तर ते तुरुंगात गेले असते आणि छोटी अनाथाश्रमात. म्हणून ती बोलली नाही, आणि पुढे छोटीला तरी एक चांगला बाप असावा म्हणून कधीच बोलली नाही.

"बाई, ती मुलगी बाळाचे कान का झाकते?" एका मुलाने विचारलं.

छोटीने दाराकडे पाहिलं. ताईने जीव तोडून मान हलवली... नको, बोलू नकोस, तुझी खुर्ची जाईल गं!

"बाळाला ऐकू जाऊ नये म्हणून," छोटी म्हणाली. मग समितीकडे वळली. "मघाशी मी खोटं सांगितलं. त्या दारातल्या... त्या कपड्यांना येत नाहीत. त्यांनी मला वाढवलं. हे धडेसुद्धा त्यांचेच आहेत." आणि भर वर्गात ती ओक्साबोक्शी रडू लागली.

समितीतल्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "उसन्या धड्यांवर आणि घरच्या रडगाण्यांवर शाळा चालत नाहीत," असं सहजच म्हणाल्या आणि पुढच्या उमेदवाराला बोलावून घेतलं.

घरी येताच छोटीने ताईचे पाय धरले. "मार मला ताई! शिव्या दे! काय काय बोलले गं मी तुला..."

"खुर्ची घालवलीस," ताई कोरड्या आवाजात म्हणाली. "आणि बापही. एवढी वर्षं जपून ठेवला होता तुझ्यासाठी, कधी काही कळू दिलं का तुला? माझ्यावर चिडलीस, तेवढ्यासाठी फोडून टाकलास!"

ती छोटीला आयुष्यात कधी असं टोचून बोलली नव्हती. बोलून झालं आणि तिचं तिलाच रडू कोसळलं. छोटीने तिला घट्ट कवटाळलं, आणि कितीतरी वेळ दोघींपैकी कुणालाच सोडवेना. मग छोटी ताडकन उठली, भिंतीवरचा फोटो ओरबाडून काढला आणि जमिनीवर आपटायला हात उगारला.

"राहू दे गं," ताईने तिचा हात धरला. "ती टोपी मी विणली होती."

छोटीने फोटो छातीशी धरला. आणि पहिल्यांदाच तिने बाबांच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून नुसती टोपी पाहिली.