आण्णांच्या पेटीतून आलेले पत्र

कराडच्या त्या रुग्णालयात दाखल होताना आता कोणी सही करीत नसे. खिडकीमागची मुलगी मान वर न करता "पत्र टाका" एवढेच म्हणे, आणि नातेवाईक खिशातून फोन काढून पत्र टाकत. घराचे भाडे, शेताची वाटणी, मुलीचा साखरपुडा मोडल्याचे कळविणे, सारेच व्यवहार आता पत्रसाक्ष पद्धतीने होत. पाठविलेल्या प्रत्येक पत्रावर टपालाचा सर्व्हर स्वतःच मुद्रा उमटवी: हे पत्र अमुक व्यक्तीच्या पेटीतून, अमुक वेळी निघाले असून त्यात नंतर एका अक्षराचाही फेरफार झालेला नाही. कायद्याने अशा पत्राला सहीहून वरचे स्थान दिले होते. सही खोटी करता येते, अंगठा दडपणाखाली उठविता येतो, साक्षीदार फितूर होतो. यंत्राला मात्र ना लोभ ना भय, असा युक्तिवाद त्या वेळी झाला आणि तो सर्वांना पटला. युक्तिवाद खोटा नव्हता. यंत्र कधीच खोटे बोलत नव्हते. ते नेमके काय बोलत आहे, इकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. मुद्रेत 'पेटीतून' असा शब्द होता आणि लोक तो 'हातून' असा वाचत होते.

रेवती तांबवेकर अतिदक्षता विभागाबाहेर पोहोचली तेव्हा तिथल्या बाकावर पेशंटची मुलगी आणि मुलगा दोन टोकांना बसले होते. पुण्यातली नोकरी सोडून ती चारच महिन्यांपूर्वी 'कृष्णाकाठ सहकारी पत्रसंस्थे'त तंत्राधिकारी म्हणून रुजू झाली होती. शहरातील बहुतेक ज्येष्ठ नागरिकांच्या टपालपेट्या याच संस्थेच्या सर्व्हरवर होत्या. काचेपलीकडे निजलेले भाऊसाहेब शिंगटे, सगळ्यांचे आण्णा, हे त्यांपैकीच एक. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत लेथ शिकविण्यात त्यांचे आयुष्य गेले. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून ते शुद्धीवर आले नव्हते, आणि येतील अशी आशा डॉक्टरांना नव्हती. छाती वरखाली होत होती ती यंत्रामुळे.

डॉ. शबाना इनामदार यांनी पत्र रेवतीपुढे धरले. भाऊसाहेबांच्या पेटीतून ते आजाराच्या पंधरवडाभर आधी निघाले होते आणि त्यावर संस्थेची मुद्रा होती. 'मला यंत्रावर जगवू नये. जे नैसर्गिक आहे ते होऊ द्यावे. कृपया माझ्या इच्छेचा मान राखावा.'

"चार वाजता आमचं वैद्यकीय मंडळ बसेल," डॉक्टर म्हणाल्या. "एरवी मी तुम्हाला बोलावलंच नसतं. मुद्रा असली की आमच्या लेखी विषय संपतो. पण मुलीनं हरकत घेतलीय. हे पत्र पेशंटचंच आहे, असा संस्थेचा दाखला आला तर आज संध्याकाळी यंत्र काढावं लागेल. नाही आला तर काढता येणार नाही."

"आण्णांनी जन्मात कुणाला 'कृपया' म्हटलं नाही," मुलगी वैजयंता म्हणाली. ती सांगलीहून पहाटे निघून आली होती. "मला हाक मारायची तर 'ए टवळे' म्हणून. हा माणूस दवाखान्याला 'कृपया' लिहितोय?"

"अक्का, दवाखान्याला काय टवळे म्हणायचं का?" धाकटा संग्राम खालच्या मानेने म्हणाला.

"तू गप्प बस. तुला सुटायची घाई झालीय."

संग्राम खरोखरच गप्प बसला. रेवतीला ती शांतता खटकली. पण शांततेवरून निष्कर्ष काढणे हे तिचे काम नव्हते. तिचे काम सर्व्हरपाशी होते.

संस्थेत पोहोचताच तिने भाऊसाहेबांच्या पेटीची नोंदपत्रके उघडली. एखादा परका माणूस पेटीत शिरला होता काय, हे पाहावयाचे होते. परंतु परका कोणास म्हणावे, हाच प्रश्न उभा राहिला. आण्णांच्या पेटीतून गॅसची नोंदणी सून करी, वीजबिलाची तक्रार संग्राम करी, सांगलीच्या नातवाला वाढदिवसाचा आशीर्वाद बहुधा नातवाची आईच पाठवी. शेजारच्या एका गृहस्थांनी तर आण्णांच्या नावे तीन ठिकाणी सांत्वनपर पत्रेही धाडली होती. घरातल्या झोपाळ्यावर जो येईल त्याने बसावे, तशी ती पेटी होती. या प्रत्येक पत्रावर मुद्रा होती आणि यांपैकी एकालाही आपण काही गैर करीत आहोत असे वाटले नसावे.

"सुलोचनाबाई," तिने खिडकीवरच्या ज्येष्ठ कर्मचारी बाईंना विचारले, "शिंगटे आण्णांचा परवलीचा शब्द आणखी कोणाला ठाऊक असेल?"

"मला आहे की," सुलोचनाबाई हसून म्हणाल्या. "'लेथ' आणि पुढं जन्मसाल. दर महिन्याला विसरायचे, मग फोन करायचे. मी सांगायचे. घरचं कुणीही विचारलं तरी सांगायचे. म्हाताऱ्या माणसाला काय ताटकळत ठेवायचं?"

"पण तुम्हाला तो दिसतो कुठे?"

"ही काय यादी! सगळ्यांचेच दिसतात. सर्वसाधारण सभेचा ठराव आहे मॅडम. सभासदाने विचारल्यास परवलीचा शब्द सौजन्याने सांगावा. एकमताने झालाय, टाळ्यांच्या गजरात."

रेवतीने पडद्याकडे पाहिले आणि हे शब्द साठविले आहेत कसे, ते तपासावयास ती बसली.

परवलीचा शब्द जतन करण्याची योग्य रीत अशी की, तो मुळी जतनच करू नये. गहू दळून पीठ ठेवावे, तशी त्या शब्दाची एकदिश खूण करून तेवढी ठेवावी. सभासद पुन्हा शब्द सांगेल तेव्हा तोही दळावा आणि पिठाशी पीठ ताडून पाहावे. पीठ चोरीस गेले तरी त्यातून गहू परत उभा करता येत नाही. इथे मात्र संस्थेने गहूच पोत्यात भरून ठेवला होता. पोत्याला कुलूप होते, पण किल्ली त्याच खोलीतल्या खिळ्याला टांगलेली. त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना कोणीतरी सोयीसाठी त्या साठ्याचा वाचनाधिकार 'सर्वांस' असा दिला होता आणि काम झाल्यावर तो काढून घेण्याचे राहून गेले होते. 'सर्वांस' म्हणजे खिडकीवरच्या प्रत्येकास, लेखापरीक्षकास, संगणक दुरुस्त करावयास येणाऱ्यास. सचिवांस, आणि सचिवांच्या खोलीत चहा पिण्यास बसलेल्या कोणासही.

मुद्रेचा अर्थ एवढाच उरत होता: पत्र पाठविणाऱ्यास शब्द ठाऊक होता. आणि शब्द तर गावास ठाऊक होता.

सचिव मधुसूदन काकडे यांनी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. संस्था त्यांनी भाड्याच्या एका खोलीतून उभी केली होती.

"साठा आजच्या आज दुरुस्त करा, माझी ना नाही," ते म्हणाले. "पण दाखला नेहमीसारखा द्या."

"नेहमीसारखा म्हणजे खोटा, सर?"

"खोटा कसा? मुद्रा आहे की नाही? आहे. पत्र बदललंय का? नाही. मग झालं तर!" ते पुढे वाकले. "रेवतीबाई, तुम्ही आज लिहिलंत की आमच्या मुद्रेवरून माणूस ठरत नाही, तर उद्या काय होईल? माझ्या मेहुण्याची वाटणी याच मुद्रेवर झालीय. निम्म्या कराडाची मृत्युपत्रं याच मुद्रेवर आहेत. एका पेशंटसाठी गाव मोडायचं का?"

"गाव मी मोडत नाही, सर. ते उभं कशावर आहे तेवढं सांगते."

"हे पुस्तकात छान दिसतं."

"पुस्तकात चूक निघाली तर पान बदलता येतं. तिथे माणसाचा श्वास काढून घेणार आहेत."

रेवतीने आपल्या टेबलाशी येऊन शब्द तोलून तोलून पत्र लिहिले: 'सदर पत्र श्री. शिंगटे यांच्या पेटीतून निघाले हे खरे; परंतु ते त्यांनीच पाठविले असे ही संस्था खात्रीने सांगू शकत नाही.' पत्र रुग्णालयाकडे रवाना केले आणि ती स्वतःही निघाली. असे काही दुसऱ्याच्या घरी कळवावयाचे तर तोंडानेही सांगावे, असे तिला वाटले.

डॉक्टर अतिदक्षता विभागालगतच्या आपल्या खोलीच्या दारातच उभ्या होत्या. बहीण-भाऊ आत बसले होते.

"बरं झालं आलात," डॉ. इनामदार म्हणाल्या. "तुमचं कोणतं पत्र धरू, ते सांगा."

"कोणतं म्हणजे?"

त्यांनी पडदा तिच्याकडे वळविला. वर तिचे पत्र होते. त्याखाली, ती रिक्षात असताना निघालेले, दुसरे. 'आधीचे पत्र अनवधानाने गेले असून ते रद्द समजावे. सदर पत्र श्री. शिंगटे यांचेच असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' दोन्हींच्या खाली नाव रेवती तांबवेकर. दोन्हींवर तीच मुद्रा, तितकीच निर्दोष.

रेवतीने दोन्ही पत्रांच्या वेळा पुन्हा वाचल्या. दुसऱ्यांच्या परवलीच्या शब्दांविषयी ती सकाळपासून बोलत होती. तिचा स्वतःचा शब्दही त्याच पोत्यात होता, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. तिने सर्वांसमक्ष काकड्यांना फोन लावला.

"अहो, रागावू नका," पलीकडून शांत आवाज आला. "कोणी अधिकारी बाहेर असला की खिडकीवरून त्याच्या पेटीतून नेहमीचा दाखला जातो. तुमच्या आधीच्यांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. तुमची गैरसोय नको म्हणून."

फोन बंद झाला.

"डॉक्टर," रेवती म्हणाली, "पहिलं माझं आहे. मी तुमच्यासमोर उभी राहून सांगते."

"तुम्ही उभ्या आहात ते मला दिसतंय. पण मंडळापुढे तोंडी साक्ष चालत नाही. नियमानं शेवटचं पत्र ग्राह्य धरायचं." डॉक्टरांनी पडदा परत आपल्याकडे वळविला. "तुम्ही आता तिसरं पाठवाल. ते चौथं पाठवतील. आणि चार वाजता जे सगळ्यात वर असेल, त्यावरून मी यंत्राला हात लावायचा? ते माझ्याच्यानं होणार नाही. मंडळाला मी सांगेन की मुद्रेवर माझा विश्वास नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. यंत्र राहील."

वैजयंताने पदर तोंडाला लावला. तिला हवे होते तेच झाले होते. तरी ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती.

"किती दिवस?" तिने विचारले.

"सांगता येत नाही. आठवडे, कदाचित महिने. शरीर तगडं आहे."

त्या शब्दासरशी संग्राम उठला.

"पत्र मी पाठवलं," तो म्हणाला.

"बघा!" वैजयंता ओरडली. "मी म्हणत नव्हते?"

"ऐकून तर घे, अक्का. पत्र मी पाठवलं, 'कृपया' पण माझंच. बोलणं आण्णांचं होतं. शेजारच्या पवार मास्तरांना बघून आलो ना आम्ही, नळ्या लावलेले, त्या दिवशी. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी म्हणाले, 'संग्राम, मला असं टांगून ठेवायचं नाही. पत्र टाक.' मी म्हटलं, तुम्हीच टाका. तर म्हणाले, 'मला तो शब्द आठवत नाही, तूच टाक माझ्या पेटीतून. तू काय परका आहेस?'" तो काचेकडे वळला. "दाराशी उभं राहून म्हणाले. घरात दुसरं कुणी नव्हतं."

"आज सकाळी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर पत्र बाद झालं असतं. आण्णांचं एवढंच एक मागणं होतं."

वैजयंता भावाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, मग शंका, आणि मग त्या शंकेचीच भीती. आण्णा असे बोलू शकले असते. 'टांगून ठेवायचं नाही' हे त्यांचेच बोलणे वाटत होते. पण वाटणे म्हणजे असणे नव्हे. आण्णांचे बोलणे संग्रामलाही लहानपणापासून पाठ होते.

डॉक्टरांनी रेवतीकडे पाहिले, जणू या प्रश्नाचे उत्तर तरी तंत्राकडे असावे. रेवतीने सकाळपासून प्रत्येक गोष्ट तपासली होती: नोंदी, अधिकार, वेळा, मुद्रा. या माणसाच्या तोंडून आत्ता जे निघाले ते तपासण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. तिला तो खरे बोलत आहे असे वाटत होते, आणि सकाळी काढलेल्या तिच्याच निष्कर्षाने त्या वाटण्याला काडीची किंमत ठेवली नव्हती.

काचेपलीकडे छाती वर गेली, खाली आली.

"मॅडम," संग्राम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत, आवाजही चढविला नाही. "आण्णा मला म्हणाले होते. हे मी आता कुठल्या पेटीतून पाठवू, म्हणजे तुम्हाला खरं वाटेल?"