ओल्या वाळूचे वळण

रेवदंड्याच्या बाजारात काळूरामशेठचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, सुपारीच्या व्यापाऱ्यांची पावतीपुस्तके असली कामे तेथून निघत. मोठे अक्षर लागले की ते लाकडात कोरावे लागे, आणि ते काम दिनानाथचे. शिवणीच्या लाकडाच्या ठोकळ्यावर अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते. कोवळ्या वयापासून हेच करीत आल्यामुळे उलटे अक्षर त्याला उलटे वाटेनासेच झाले होते.

१९३१ची दिवाळी सरली आणि अहमदशेठ हमदुल्ला छापखान्यात आले. चौलच्या या व्यापाऱ्याने रेवदंडा ते मुंबई अशी नवी आगबोट आणली होती. लोक मात्र अजून तिच्याकडे लांबूनच पाहत.

“जाहिरात अशी हवी,” अहमदशेठ म्हणाले, “की वाचता न येणारा आदमीसुद्धा थबकला पाहिजे. नुसती खबर नको. तिनं पुकारलं पाहिजे.”

“मग दवंडीवाला धरा, शेठ,” काळूरामशेठ हसले. “हा आमचा दिनानाथ पाणी मागतानासुद्धा लाजतो. याची अक्षरं काय पुकारणार?”

“म्हणून तर त्याला सांगतोय. तुमच्यावर सोडलं तर कागदभर मजकूर कोंबाल, मियां.”

दिनानाथ मान खाली घालून ऐकत होता. वाचता न येणारे माणूस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. त्याची आई, कृष्णाबाई. धरमतरच्या बाजूला मिठागरांवर ती मीठ वाही. बाप गेल्यावर मिठागर सोडून तो इकडे यायला निघाला, तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, “जा. पन मी काय तुज्याकं येनार न्हाय.” त्यानंतर त्याने कितीदा निरोप धाडले. ती आली नाही. आता असे एक अक्षर कोरावे, की ते पाहून ती उठेल आणि चालू लागेल. याहून दुसरी इच्छा त्याला उरली नाही. शेठची आगबोट त्या इच्छेच्या मागे कुठेतरी धूसर उभी होती.

मजकूर ठरला तो एका शब्दाचा. ‘या’. खाली छपाईच्या बारीक खिळ्यांत आगबोटीची माहिती. शब्द मिळाला, पण त्याचे वळण मिळेना. तो काढी त्या अक्षरात कधी आर्जव उतरे, कधी हुकूम. हाक काही उतरत नसे.

एका दुपारी ओहोटीच्या वेळी तो कोटाच्या तटाखालून किनाऱ्यावर गेला. पाणी फार दूर ओसरले होते. लाटांनी मागे सोडलेल्या वाळूच्या वळ्या क्षितिजापर्यंत पसरल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये, इतरांहून थोडा उंच, तो शब्द होता. या.

दिनानाथ तेथेच गुडघ्यांवर बसला. आजूबाजूला कोणाचे पाऊल उमटलेले नव्हते. त्या रेषांत कसलीच घाई नव्हती. ‘य’चे पोट एखाद्या ओंजळीसारखे वळले होते, आणि वरची रेघ दमलेल्या माणसासाठी पसरलेल्या हातासारखी किंचित झुकली होती. त्याने बोट लावून पाहिले. वाळू रंधा मारलेल्या लाकडासारखी घट्ट आणि गार लागली. त्याने खिशातल्या कागदावर रेषेला रेष जुळवून ते वळण उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मधल्या भरत्या त्या शब्दावरून गेल्या होत्या, तरी तो तेथेच होता, एक कणही न ढळलेला.

त्याने ते जसेच्या तसे कोरले. कोरताना सुकलेला ठोकळा आतून ओलसर लागत होता.

जाहिराती थळला लागल्या, अलिबागला लागल्या, चौलच्या नाक्यावर आणि धरमतरच्या बंदरावर लागल्या. एक प्रत छापखान्याच्या भिंतीवर होती. मासळी विकणारी ठमाबाई तिच्यासमोर टोपली उतरवून उभी राहिली.

“काय मावशी, वाचायला शिकलीस वाटतं?” काळूरामशेठनी चेष्टा केली.

“मी कवा शिकनार, शेठ?”

“मग बघतेस काय एवढं?”

ठमाबाई हसली नाही. “मी न्हाय बघत. त्येच बघतंय माज्याकं.” टोपलीतल्या मासळीवर माश्या बसल्या, तरी तिने हात हलवला नाही.

आगबोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर पताका लागल्या. अहमदशेठ अत्तर लावून उभे होते. सकाळपासून रस्त्यांवर माणसे दिसू लागली. थळचे कोळी, चौलचे बागायतदार, बुरख्यातल्या बाया, काठी टेकत येणारे म्हातारे. इतकी माणसे त्या गावाने कधी पाहिली नव्हती, आणि एवढ्या गर्दीला कसलाच आवाज नव्हता.

“माशाल्ला!” अहमदशेठनी दिनानाथच्या खांद्यावर हात ठेवला. “बरखुरदार, जादू केलीस तू!”

गर्दी धक्क्यापाशी आली आणि न थांबता पुढे निघून गेली.

“अहो, आगबोट इकडं आहे! इकडं!” काळूरामशेठ ओरडत राहिले. कोणी वळून पाहिले नाही. आगबोटीने शिटी दिली. तिच्या डेकवर खलाशांखेरीज कोणी नव्हते.

दिनानाथ लोकांमागून किनाऱ्यावर गेला. समुद्र दूरवर निश्चल पडला होता. ओल्या वाळूवर आता तो एकच शब्द नव्हता. नजर पोचेल तिथवर तोच शब्द, शेकडो वेळा, त्याच वळणाचा. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाकावे, तशी त्याची मान आपोआप झुकली. माणसे एकेका शब्दापाशी थांबत होती, आणि लेकराने आईच्या कुशीत शिरावे तशी कुशीवर आडवी होऊन गाल वाळूला लावीत होती.

तेवढ्यात मिठाने भेगाळलेले दोन पाय त्याला दिसले.

“आये!”

कृष्णाबाईने वर पाहिले. चालून चालून तिचा चेहरा धुळीने भरला होता, तरी त्यावर शीण नव्हता. “बोलावलं ना? आयले,” ती म्हणाली, आणि त्याच्या पायांपाशी आडवी झाली.

तो तिच्याजवळ बसला. तिच्या गालाशेजारी, वाळूत, पुढचा शब्द होता. प्रथमच त्याने तो कोरणाऱ्याच्या डोळ्यांनी न पाहता साध्या डोळ्यांनी पाहिला.

काना डावीकडे होता.

शब्द उलटा होता. पहिल्या दिवसापासून उलटाच होता. त्याने तो जसाच्या तसा कोरला होता, आणि म्हणूनच कागदावर तो सुलटा आला होता.

वाळूवर कोणी लिहिलेले नव्हते. हे सगळे ठोकळे होते.

“आये, ऊठ.”

ती उठली नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठांवर समाधान होते.

दूर पाण्याची रेघ हलली. भरती लागली.

सगळी माणसे एकाच वेळी उठली. कपडे झटकून, एकमेकांशी न बोलता, आलेल्या वाटांनी परत निघाली.

कृष्णाबाईच्या गालावर शब्द उमटला होता. सुलटा, स्वच्छ. दिनानाथने धोतराच्या सोग्याने तो पुसला. वाळू निघाली. शब्द निघाला नाही.

“माज्या खोलीवर चल, आये.”

“मना जायाचंय.”

“कुठं?”

ती चालू लागली होती. तो मागोमाग गेला. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौलकडे जाणाऱ्या रस्त्यावर विहिरीशी एक बाई पाणी ओढत होती. पायरीवर तिचे तान्हे मूल खेळत होते. कृष्णाबाई तिच्यासमोर थांबली आणि तिने गाल तिच्याकडे केला.

बाईच्या हातून दोर सुटला. विहिरीच्या तळाशी घागर आपटल्याचा आवाज आला. मुलाकडे न पाहता ती समुद्राच्या दिशेने चालू लागली.

दिनानाथने आईला हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. आयुष्यात एवढ्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता.

पुढच्या वाडीचे फाटक उघडे होते. कृष्णाबाई तिकडे वळली.