एका वेळी एकच माणूस

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण माझ्या ज्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, बाबतीत हे घडलं, ती थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट इतकी रुक्ष, की विनोद सांगितला तर शेवटपर्यंत ऐकून "मग?" म्हणते.

रविवारची दुपार. तीनचा सुमार. तिच्या भावाच्या, म्हणजे दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली.

त्याच खोलीत दीड महिन्यापूर्वी माझी मावशी, म्हणजे ताईची आई, गेली होती.

ताई रडली नव्हती. आठवड्याभरात कामावर हजर झाली. कुणी विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणायची. तिला खरंच काही वाटत नव्हतं. जेवणाला चव लागत नव्हती, एवढंच.

ती प्राण्यांच्या दवाखान्यात काम करायची. बिथरलेलं मांजर शांत करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलेला बोका तिच्या मांडीवर पाच मिनिटांत डुलक्या घ्यायचा.

तिची पद्धत ठरलेली. पडदे ओढायचे. जमिनीवर तिरकं बसायचं. नजरेला नजर द्यायची नाही. डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. आणि मुख्य म्हणजे, खोलीत माणूस एकच हवं. दुसरं कुणी असलं की मांजर निवत नाही. म्हणून मांजराच्या मालकांना ती मान न वळवताच सांगायची, "तुम्ही बाहेर थांबा जरा."

मावशीची मांजर, भुरी, जन्मात कुणावर फिसकारली नव्हती. मावशी गेली आणि ती त्या खोलीतून हलेना. आत पाऊल टाकेल त्याला ओरबाडायची. त्या सकाळी दादाच्या लेकीच्या गालावर नखं उमटली. डोळा थोडक्यात वाचला.

"संध्याकाळी प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेची गाडी येतेय तिला न्यायला," दादा म्हणाला. "मलाही वाईट वाटतंय गं. पण पोरीचा डोळा गेला असता."

ताईच्या भाड्याच्या घरात प्राणी ठेवायला मनाई होती. आणि आईचं म्हणावं असं जिवंत तेवढंच उरलं होतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "मी करते शांत."

ती एकटीच आत गेली. कडी लावली. पडदे ओढले. कपाटाला टेकून बसलेली भुरी गुरगुरली.

ताईने सगळं नेहमीसारखं केलं.

पाच मिनिटं... दहा... वीस.

भुरीची शेपूट फुललेलीच. कान मागे.

मग ताईच्या लक्षात आलं, भुरी तिच्याकडे बघतच नव्हती.

ती बघत होती ताईच्या डाव्या खांद्याच्या वर... उभ्या माणसाचा चेहरा असतो, तेवढ्या उंचीवर.

नजर हळूहळू सरकली. डावीकडून उजवीकडे.

मग खाली आली... कुणीतरी ताईच्या शेजारी बसावं, तशी.

ताईने मान वळवली नाही. भीती वाटली नाही, असं ती सांगते. दीड महिना काहीच वाटत नव्हतं, तसंच तेव्हाही. फक्त मनात आलं, आपण दोघी आहोत, मग ही निवणार कशी?

आणि सवयीने तोंडातून गेलं,

"आई, तू बाहेर थांब जरा."

कसलाच आवाज झाला नाही... रस्त्यावरची वर्दळसुद्धा ऐकू येईना.

भुरीची नजर उठली. दाराकडे गेली. तिथेच थांबली...

कडी हलली नाही.

थोड्या वेळाने भुरीचे केस खाली बसले. ती चालत आली, ताईच्या मांडीत शिरली आणि डोळे मिटून घुरघुरू लागली.

दादाने गाडी परत पाठवली. भुरी आजही त्याच्याकडे आहे. त्याच्या लेकीच्या पायाशी झोपते. कुणालाही हात लावू देते.

ताई सोडून.

त्या दिवशी ताईने कडी काढली, दार उघडलं, बाहेर आली. बाहेर कुणी नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातलं एकही मांजर तिला जवळ येऊ देईना. रोजची ओळखीची मांजरंसुद्धा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन फिसकारायची. महिन्याभराने तिने काम सोडलं.

मागच्या आठवड्यात ती आमच्याकडे आली होती. आमची मनी म्हणजे पक्की लोचट, येईल त्या पाहुण्याच्या मांडीवर पसरणारी. ताईला पाहिलं आणि कपाटाखाली गेली ती गेलीच. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"तिची काय चूक," ताई म्हणाली. "आम्ही दोघी आलोय ना."

आणि हसली. मावशी गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आई बरोबर असली की बरं वाटतं," ती म्हणाली.

मी नुसती मान हलवली. तिचं एवढं एक सुख काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही. पण ती परत घरी गेल्यापासून मला झोप नाही...

मावशीच्या कुशीशिवाय भुरी एक रात्र झोपलेली नव्हती. त्या खोलीत मावशी असती, तर भुरी तिच्यावर कशाला गुरगुरली असती?